कोरियाचा राजा आणि माईचे डवले

माईचा कढीचा डवला सोमवारी नाहीसा झाला. मंगळवारी भाताचा गेला. बुधवारी शेजारच्या अक्कांनी कुंपणावरून हाक मारून विचारलं, "गो माई, माझो डवलो तुज्याकडे इलो काय?" तेव्हा कुठे माईच्या ध्यानात आलं, की हे एका चुलीपुरतं नाही, वाडीत डवल्यांची साथ आली आहे. डवला म्हणजे करवंटीला लाकडी दांडा बसवलेली साधी पळी. ती चोरायला कोणी तारकर्लीची वाळू तुडवत येईल, असं कुणालाही वाटलं नसतं.

साथीचं मूळ वर माळ्यावर मांडी घालून बसलं होतं आणि डवल्यांना काजळ फासत होतं. मुळाचं नाव तुळसा, माईची लेक. इयत्ता नववी. दिवाळीआधी देवगडच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला ढाल मिळाली होती, आणि तेव्हापासून वर्गात काहीही विचारलं की आधी हात वर आणि मागाहून विचार, असा तिचा नवा स्वभाव झाला होता. शेजारी तिची मैत्रीण अँजेलिना, सिप्रियन शिंप्याची मुलगी, पोफळीच्या वाळक्या पोयीची, म्हणजे चिवट सालपटाची, टोपी शिवत होती. टोपीला दोन्ही कानांवर एकेक डवला आडवा बांधला, की कोरियाच्या दरबारातला प्रधान तयार!

"प्रधान कितके गो?" अँजेलिनाने सुई दातांत धरून विचारलं.

"आठ."

"मगे वाडीत उद्या कढी कोण ढवळतलो?"

तुळसाने पुढचा डवला काजळायला घेतला. थोर कार्यात असले प्रश्न येतातच.

आता कोरियाचा दरबार या वाडीत आला कुठून, हे सांगायलाच हवं. तो आणला गुरुदासमामाने. मामा म्हणजे माईचा धाकटा भाऊ. कोरियातली लढाई थांबल्यावर तिथल्या कैद्यांवर पहारा करायला आपली फौज गेली, तिच्याबरोबर हा भांडारातला कारकून म्हणून गेला आणि गेल्या शिमग्याच्या सुमाराला परत आला. आला त्या दिवशी घरापुढच्या खळ्यात ही गर्दी! शेजारचे दाजी, म्हणजे अक्कांचे यजमान, खास खुर्ची घेऊन पुढे बसले.

"सांग बघूया, किती मारलंस?"

"मारलंय कोणाक नाय. मी कांबळी वाटी होतंय, दाजीनू."

"कांबळी?" दाजींनी खुर्ची जराशी मागे घेतली. "मगे बघलंस तरी काय थय?"

"नाटक," मामा म्हणाला.

आणि त्याचा चेहरा असा उजळला, की तुळसाला वाटलं, आता हा पदकच काढून दाखवणार.

त्याचं झालं असं. भांडारातली कांबळी कमी भरायला लागली, म्हणून मामा शोध घेत काटेरी तारेपर्यंत गेला. तारेपलीकडे मातीचा ओटा. ओट्यावर कैदी त्यांच्या देशातल्या जुन्या राजाचं नाटक करत होते, आणि सरकारी कांबळं राजाच्या अंगावर होतं. वर पुठ्ठ्याची टोपी. मामा म्हणायचा, "आता राजाच्या अंगावरचा कांबळा काढूचा कसा? उभो ऱ्हवलंय." तो उभा राहिला तो राहिलाच. नाटक एका दिवसात संपणारं नव्हतं. रोज दुपारी थोडं थोडं व्हायचं, आणि मामा रोज दुपारी हरवलेली कांबळी शोधायला तारेपाशी जायचा. भाषेचं अक्षर कळत नव्हतं. पण रडणं कळत होतं, रुसणं कळत होतं, आणि दाराआडून कोण ऐकतंय ते तर पहिल्या दिवसापासूनच कळत होतं.

मामा लबाड रसिक नव्हता. नाटकाचे दोष तो स्वतःच आधी सांगायचा. राजा फार रडतो. सकाळी उठल्यावर रडतो, जेवणाआधी रडतो, आणि आनंदाची बातमी आली तर तिला वेगळं रडतो. प्रधान गरजेपेक्षा जास्त, आणि सगळे एकाच वेळी एकच वाक्य बोलतात. एक निरोप आतल्या महालातून बाहेरच्या महालात जायला अख्खी दुपार खातो. पण, असं म्हणून मामा थांबायचा, आणि त्या "पण"साठी तुळसा रोज संध्याकाळी अभ्यास टाकून त्याच्या पायांशी बसायची. पण राजाची ती मुदपाकखान्यातली बाई! राजाच्या आधी प्रत्येक घास चाखणारी. एका कोवळ्या कैद्याने डोक्याला फडकं गुंडाळून ते काम केलं होतं, आणि ती बाई नुसती हातात वाडगा घेऊन चालत आली, तरी तारेच्या आतले आणि बाहेरचे सगळे श्वास रोखून बसत.

कथा तशी सरळ होती. तरुण राजा. त्याचा म्हातारा गुरू प्रधानांना नको असतो. प्रधान अंगणात चटया टाकून, कपाळ जमिनीला टेकवून बसतात आणि म्हणतात, गुरूला बेटावर पाठवा, नाहीतर आमचा शिरच्छेद करा. राजा रडतो. गुरू बेटावर जातो. राजा आजारी पडतो. मुदपाकातली बाई औषध करून आणते. प्रधान म्हणतात, हे विष आहे. बाई म्हणते, हे औषध आहे. राजा बाईकडे बघतो, प्रधानांकडे बघतो, वाडगा उचलतो, ओठांपाशी नेतो...

"आणि?" तुळसाने पहिल्या वेळी ओरडून विचारलं होतं.

"आणि आमचो बिगुल झालो. गाड्यांत बसलों, जहाजार चढलों, मद्रासेक उतरलों."

"मगे राजान पिल्यान काय नाय?"

"माका ठावक नाय गो."

दुसरा कोणी असता, तर वाडीपर्यंत पोचायच्या आत चांगलासा शेवट जोडून मोकळा झाला असता. मामाने जोडला नाही. आणि वाडीने त्याला त्याचीच शिक्षा दिली. दाजींनी निकाल देऊन टाकला, "ज्या ऐतिहासिक नाटकात तरवार म्यानातून भायर येणा नाय, ता नाटक न्हय, ती पंचायत. आणि तीय अर्धी!" गणपतीत आरतीनंतर दोघातिघांनी "कोरियाचो गुरुदास" म्हणून चटईवर कपाळ आपटून दाखवलं. सगळे हसले. मामासुद्धा हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने आपलं स्टूल खळ्यातून उचललं आणि मागच्या पडवीत, विहिरीकडे तोंड करून ठेवलं. त्यानंतर त्याने कुणालाही राजाची गोष्ट सांगितली नाही. तुळसालाही नाही.

हे तुळसाला सहन होईना. म्हणून स्नेहसंमेलनाच्या बैठकीत हेडगुरुजींनी "कुणाला काही नवीन सुचतंय का?" एवढं विचारताच हात वर गेला, आणि विचार नेहमीप्रमाणे मागाहून आला.

मामा आधी नको म्हणाला. "हसतले गो, तुळशे."

"हसूंदेत. मी आसंय मां!"

नववीतली मुलगी "मी आहे ना" म्हणते, तेव्हा मोठ्या माणसाची पंचाईत होते. हसताही येत नाही आणि रडताही येत नाही. शेवटी तो म्हणाला, "एक सांगतंय. जा बघलंय, ताच. शेवट जोडूचो नाय. त्या पोरांनी इतक्या जीव लावन केलेला, आपण त्येंका शेवट शिकवचो नाय."

"नाय जोडणंय," तुळसाने ढालीची शपथ घेतली.

पहिली अडचण मुलांची. नाटकात लढाई नाही म्हटल्यावर दहावीच्या एकूण एक मुलाने अंग काढून घेतलं. त्यामुळे आठही प्रधान मुली झाल्या. दुसरी अडचण राजाची. मुकुट आणि राजाचा आवाज वाडीत एकाच माणसाकडे होता. दशावतारात राजाचं काम करणारा बाबली! एरवी या दिवसांत तो कोणाच्या हाती लागला नसता, पण एका जत्रेत राक्षसाशी लढताना त्याचा पाय मुरगळला होता आणि तो घरात बसून बायकोशी लढत होता.

"बसान करूचा काम आसा," तुळसाने सांगितलं.

"बसान? राजा बसान काय करता?"

"रडता."

बाबलीने लंगडत खळ्यात एक फेरी मारली. "रडतंय. पण मधे एकदा संकासुर राक्षस येवंदे. नायतर लोकांका राजा कोण ता कळतला कसा?"

"संकासुर नाय."

"अर्धो?"

अर्धाही नाही, हे पटवायला तीन संध्याकाळी गेल्या. त्यात बाबलीचं वय पन्नाशीचं आणि राजा तरुण. यावर सिप्रियनने तोडगा काढला. तो चर्चच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा आणि तियात्रांचे, म्हणजे कोंकणी नाटकांचे, कपडे शिवायचा, त्यामुळे रंगभूमीबद्दल त्याला शंका अशी नव्हतीच. त्याच्या पेटीत आजोबाच्या पार्टची कापसाची पांढरी दाढी होती, ती त्याने बाबलीला लावली.

"अरे, राजा तरणो आसा!" मामा कळवळून म्हणाला.

"आसूं," सिप्रियन म्हणाला. "दाढयेक लागान म्हातारो दिसता. दाढी काढलीस काय तरणोच मां?"

या युक्तिवादातली चूक कोणालाच सापडली नाही, आणि दाढी राहिली.

तिसरी अडचण मात्र खरी अडचण होती. संमेलनाला गावचे लोक येणार, कर्णा लागणार, म्हणून कचेरीची परवानगी हवी. तुळसा आणि मामा तालुक्याला गेले. अव्वल कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाटकाची संहिता आणा. तीन प्रती."

"संहिता नाही, साहेब," तुळसाने स्पर्धेतल्या आवाजात सांगितलं.

"मग नाटक आहे कुठे?"

"यांच्या डोक्यात."

अव्वल कारकुनांनी मामाच्या डोक्याकडे असं बघितलं, जणू त्याच्या तीन प्रती कशा काढाव्यात याचा नियम आठवत होते.

"लेखक कोण?"

"ठाऊक नाही, साहेब," मामा म्हणाला. "करणारे कैदी होते."

टाक थांबला. "कैदी? कोणत्या कोरियाचे? वरच्या की खालच्या?"

"राजाच्या वेळी एकच होता, साहेब."

"हे तुम्ही लेखी द्याल?"

कचेरीचाही दोष नव्हता. त्या दिवसांत गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रह चालला होता, रेडीच्या बाजूने माणसं झेंडे घेऊन तेरेखोलकडे जात होती, आणि चार माणसं एका दिशेने चालताना दिसली तरी कचेरी खिडकीत येऊन उभी राहत होती. त्यात हे कैदी, हा राजा. अव्वल कारकुनांनी खूप विचार करून मधला मार्ग काढला. शनिवारी सगळ्यांनी यावं, मामलेदारसाहेबांसमोर करून दाखवावं, साहेब ठरवतील. एवढं सांगून ते भाच्याच्या बारशाला निघून गेले. साहेबांना सांगायचं मात्र राहून गेलं.

शनिवारी सकाळी आठ प्रधान, मुदपाकातली बाई म्हणजे खुद्द तुळसा, सिप्रियन आणि त्याची कॉर्नेट, असा दरबार कचेरीच्या अंगणात उतरला. मामा एका बाजूला फणसाच्या सावलीत, शक्य तितका खोडासारखा दिसेल असा उभा होता. राजा पायामुळे मागाहून बैलगाडीने यायचा होता. तुळसाने विचार केला (म्हणजे आधी केलं आणि मागाहून विचार केला), की वेळ कशाला घालवा? नाटकातला सगळ्यात जोरदार प्रसंग तर चटयांचाच. तिने चटया अंथरायला लावल्या. प्रधान गुडघे टेकून ओळीत बसले. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मामलेदारसाहेब पायरीवर आले. तुळसाने मान हलवून खूण केली.

"महाराज!" आठ मुलींनी कपाळं जमिनीला टेकवली. "आमचा शिरच्छेद करा!"

साहेब एक पायरी मागे चढले.

"शिपाई!"

शिपायाने प्रसंगावधान राखून फाटक लावून घेतलं. त्यामुळे जे काही संकट होतं, ते आतच कोंडलं गेलं. बाहेर रस्त्यावरचे लोक धावले, कुंपणावर डोकी उगवली, आणि कुणीतरी ओरडलं, "सत्याग्रह! पोरींचो सत्याग्रह!"

"उठा आधी!" हवालदार गरजला.

प्रधान उठेनात. ते उठणार होते. पण शेजारीशेजारी कपाळं टेकताना एकीचा उजवा डवला दुसरीच्या डाव्या डवल्यात असा अडकला होता, की आठही डोकी मिळून एक कुंपण झालं होतं. एकीने मान वर केली की पलीकडचीची खाली जाई.

"उठत नाहीत, साहेब," हवालदाराचा आवाज आदराने खाली आला. "पक्क्या आहेत."

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "मुलींनो, तुमची मागणी तरी काय आहे?"

नाटक थांबवायचं नाही, हे तुळसा देवगडला शिकली होती आणि तिने सगळ्यांना शिकवलं होतं. मुलींनी जमिनीतूनच सांगितलं, "गुरूला बेटावर पाठवा, महाराज!"

"कोणत्या गुरुजींना?" साहेब चक्रावले. "हे पाहा, शिक्षकांच्या बदल्या माझ्याकडे नसतात. आणि बेटावर आपली शाळाच नाही!"

तुळसाची ढाल, वक्तृत्व, सगळं कुठल्या कुठे गेलं. आता हवालदार सगळ्यांना आत घेऊन जाणार, वाडीत कळणार, आणि मामाचं हसं पूर्वी झालं त्याच्या दसपट होणार. तेही तिच्यामुळे! तिने फणसाकडे बघितलं. फणसाखाली कोणी नव्हतं.

मामा पायरीपाशी पोचला होता.

"साहेब," तो म्हणाला, "हे नाटक आहे. मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. आधी डवले सोडवत सोडवत, मग उभं राहून. तो सांगत गेला तसा आवाज चढत गेला. तो राजा झाला, गुरू झाला, दाराआडचा कान झाला. जमिनीच्या कामासाठी आलेले लोक आपापली कामं विसरून पायरीवर बसले. हवालदाराने टोपी काढली. मुदपाकातली बाई वाडगा घेऊन आली तेव्हा मामाच्या हातात काहीच नव्हतं, तरी त्याचे दोन्ही हात जड दिसत होते. गोष्ट ऐन रंगात आली तेव्हा बाबली बैलगाडीतून उतरला आणि त्याने फाटकाबाहेरूनच रडायला सुरुवात केली.

"वाडगा ओठांपाशी नेला," मामा म्हणाला, "आणि आमचा बिगुल झाला."

साहेब एक पायरी खाली उतरले.

"मग?" साहेब म्हणाले. "प्यायला?"

"ठाऊक नाही, साहेब."

"ठाऊक नाही म्हणजे? अहो, अर्धवट नाटकाला परवानगी कशी द्यायची? नियम काय म्हणेल?" ते आत गेले. खुर्चीचा आवाज झाला. पुन्हा बाहेर आले. "औषधच असणार. ती बाई तशी वाटत नाही." पुन्हा आत गेले. थोड्या वेळाने शिपाई कागद घेऊन आला. परवानगी होती. खाली साहेबांच्या हाताने लिहिलं होतं, की शेवट कळल्यास कचेरीस कळवावा.

संमेलनाच्या संध्याकाळी शाळेचं मैदान भरून गेलं. शनिवारची बातमी तोवर सगळीकडे गेली होती, आणि प्रत्येकाने तिच्यात आपल्या परीने भर घातली होती. पडदा म्हणून होडीचं जुनं शीड टांगलं होतं. रंगमंचाच्या कडेला काटेरी तारेचा तुकडा, आणि तारेअलीकडे स्टुलावर गुरुदासमामा. तारेपलीकडचं नाटक लोकांना समजावून सांगायचं काम त्यालाच दिलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध मामलेदारसाहेब. त्यांच्या शेजारी दाजी. हसायची सगळी तयारी करून, पानसुद्धा न लावता आले होते.

प्रधान आले. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली.

"गो बाय माझे, तो डाव्या कानावरचो माझो!" अक्का अर्ध्या उठल्या. "दांड्याक चीर आसा बघ! आणि मी सबंद वाडी धुंडाळलंय!"

"बस गो," माई म्हणाली. तिने स्वतःचे दोन केव्हाच ओळखले होते, मुख्य प्रधानाच्या डोक्यावर. "आता तो प्रधानाच्या कानावर आसा. काढतलंस कसो?"

तारेपाशी बसलेल्या मामाने ते ऐकलं. तुळसाने विंगेतून पाहिलं, तो गालात हसत होता.

आणि मग राजा रडला. बाबली असा रडला, की आजवर राक्षस मारून जेवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या तेवढी शांतता त्याला मिळाली. दाजी एकदा खोकले. दुसऱ्यांदा खोकणार होते, पण साहेबांनी वळून बघितलं. प्रधानांनी कपाळं टेकली, यावेळी मधे हातभर जागा ठेवून. गुरू बेटावर गेला. एक निरोप आतल्या महालातून बाहेरच्या महालात इतक्या सावकाश गेला, की मागून कोणीतरी "मी पोचवन येव काय?" असं विचारलं. मामाने तारेअलीकडून मान डोलवली. "दोष आसा," तो म्हणाला, "पण वायच थांबा."

मग तुळसा वाडगा घेऊन निघाली. माईने औषध म्हणून त्यात घट्ट, गुलाबी सोलकढी भरून दिली होती. गॅसबत्तीच्या उजेडात तुळसाला समोरचं काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं, की काहीच ऐकू येत नाही. एवढ्या माणसांत एक मूल कुरकुरलं नाही. तिला वाटलं, त्या कोवळ्या कैद्यालाही हेच ऐकू आलं असेल.

राजाने बाईकडे बघितलं. प्रधानांकडे बघितलं. वाडगा उचलला. ओठांपाशी नेला.

सिप्रियनची कॉर्नेट वाजली. मामा स्टुलावरून उठला, त्याने तारेकडे बघून सलाम केला आणि पाठ फिरवून चालू लागला. पडदा पडला.

टाळी नाही. कोणी उठलंही नाही. तुळसाने शिडाच्या फटीला डोळा लावला. फसलं वाटतं!

मग दाजींचा आवाज आला. दाजी उभे होते, आणि त्यांचा आवाज चिरकला होता.

"अरे, पण पिल्यान काय नाय? माका सांगा आधी! पिल्यान काय नाय?"

"पिवचो नाय!" मागून कोणी ओरडलं. "विष आसा!"

"विष तुझ्या तोंडात! ती बाई काय तशी आसा?" या अक्का होत्या.

"प्रधान आठ आसत, आठय खोटे?"

"आठय एकच बोलतत, म्हणजे एकच खोटो!"

मैदान दुभंगलं. बाकं सरकली. साहेब उठून उभे राहिले. "शांत व्हा! हे पाहा, आपल्याला ठाऊक नाही आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीवर..." पण त्यांना कोणी पुढे बोलू देईना, आणि रेटारेटीत कुणाचा तरी पाय शिडाच्या दोरीत अडकला. शीड सुळकन एका बाजूने खाली आलं.

राजा सिंहासनावर एक पाय वर घेऊन बसला होता. हातात वाडगा उलटा. कापसाची पांढरीशुभ्र दाढी छातीपर्यंत गुलाबी झाली होती.

सगळं मैदान त्याच्याकडे बघत राहिलं. बाबलीने मैदानाकडे बघितलं. मग जिभेने मिशी चाटली.

"तहान लागली होती," तो म्हणाला. "इतक्या वेळ रडान नरडा सुकला."

"पिल्यान!" दाजींनी साहेबांचा खांदा गदागदा हलवला. "पिल्यान आणि जितो आसा! मगे बाई खरी! मी म्हणा नाय होतंय, बाई खरी?"

दाजी असं कधीच म्हणाले नव्हते, पण त्या आनंदात ते कोणी काढलं नाही. टाळ्या अशा पडल्या, की पोफळीच्या दोन टोप्या गडगडत मैदानात आल्या. अक्का डोळे पुसत होत्या. साहेब मागे वळून अव्वल कारकुनांना म्हणाले, "नोंद करा. राजा प्यायला. प्रकृती उत्तम."

तुळसा मात्र जागच्या जागी उभी होती. शेवट जोडायचा नाही, अशी शपथ होती ना! आणि हा तर असा ढळढळीत जोडला गेला, तोही सोलकढीचा. तिने घाबरत घाबरत मामाला शोधलं. तो मैदानाच्या कडेपर्यंत गेला होता, आणि टाळ्या ऐकून परत आला होता. तारेच्या तुकड्याला हात न लावता तो पलीकडे, गुलाबी दाढीच्या राजाकडे बघत उभा होता.

"मामा, मी नाय जोडलंय," ती म्हणाली. "आपसूक झाला."

"बघलंय," मामा म्हणाला. त्याचा आवाज जरा ओलसर होता, पण तोंडभर हसू होतं. "पिल्यान म्हणायचो. बरा झाला गो. मी येताना सबंद जहाजभर तोच विचार करी होतंय."

दुसऱ्या संध्याकाळी मामाचं स्टूल पुन्हा पुढच्या खळ्यात आलं. समोर दाजींनी स्वतःच्या हाताने आपली खुर्ची आणून ठेवली आणि पान लावायला घेतलं.

"पयल्यापासून सांग," ते म्हणाले. "काल माझी सुरवात नीट ऐकाची ऱ्हवली. मी मधे एक शब्द बोलाचंय नाय."

"नाटकात दोष आसत हां, दाजीनू," मामा म्हणाला. "राजा फार रडता."

"तेची आवस, राजमाता, खंय होती तेव्हा?" दाजींनी ताबडतोब विचारलं. "ता आधी सांग. पोर इतक्या रडता आणि आवस खंय गेली?"

मामाने तुळसाकडे बघितलं, तुळसाने हात वर केला, आणि आतून माईने ओरडून विचारलं, की प्रधानांचं काम झालं असेल तर निदान भाताचा डवला तरी कोणी परत देईल का. पण पलीकडच्या वाडीने पुढच्या रविवारसाठी नाटक मागितलं होतं. माईने त्या रात्री भात वाटीने वाढला, आणि अक्कांकडून दुपारीच दोन नवे डवले आले होते, ते तिने स्वतःच काजळ फासून माळ्यावर ठेवून दिले.